डोंगरावरचा ताव

साहेब, या घराची पावाची भट्टी तुम्ही विझवलीत, आणि विझवताना उंबऱ्याच्या आत पाऊलसुद्धा टाकलं नाहीत. हा आरोप आहे. कानात सांगत नाही, तोंडावर करतो. तुम्ही रस्त्यावर उभे राहिलात, मान वर करून धुराडं बघितलंत, नाकाला रुमाल लावलात आणि हाताखालच्या माणसाला म्हणालात, "लावा सील." धूर वाईट, कबूल. समोरच्या खिडकीतल्या म्हाताऱ्याचा खोकला या घरालाही ऐकू यायचा, आणि ज्या दिवशी तो जास्त खोकायचा त्या दिवशी घरातली थोरली सून त्याच्या दारात एक पाव ठेवून यायची, जणू पावानं खोकला थांबतो. लाकूड जाळू नका, असं सांगायचा अधिकार तुम्हाला होता. पण तीन पिढ्या न विझलेली आग विझवायला आलेल्या माणसानं एकदा वाकून तिच्या तोंडात बघायला नको? "यापुढं काय करणार?" एवढं तरी विचारायला नको? तुम्ही गाडीत बसलात आणि काच वर केलीत.

तुमच्या हातून एक पुण्य मात्र नकळत घडलं. या घराला सुट्टी मिळाली.

लाकडाची भट्टी थंड पडू देत नाहीत. थंड पडली की विटांना तडे जातात, आणि पुन्हा तापायला ती दिवसच्या दिवस खाते. म्हणून हे कुटुंब आजवर एकत्र कुठंही गेलं नव्हतं. लग्नाला निम्मी माणसं, मयताला निम्मी. दादाच्या, म्हणजे थोरलीच्या नवऱ्याच्या, स्वतःच्या लग्नात धाकटा भाऊ भट्टीपाशी होता. वहिनीचं तोंड त्यानं संध्याकाळी बघितलं, आणि तेही काजळी लागलेल्या डोळ्यांनी. सील लागल्यावर तोच म्हणाला, "आता पाचजण एकाच गाडीत बसू शकतो की." हसावं का रडावं ते कुणाला कळेना. त्याच्या बायकोनं, म्हणजे धाकटीनं, हसायचं ठरवलं. ती इस्पितळात नर्स आहे; रडायचं काम तिथं पुष्कळ होतं. तिनं डोंगरावर एक आख्खं घर सुट्टीसाठी भाड्यानं घेतलं.

लाकडी घर. मोठमोठ्या काचा. मागं फळ्यांचा ओटा, त्यावर झाकण घातलेला गोल हॉट टब, आणि ओट्याच्या टोकाला एक लाकडी खोली.

"त्यात काय आहे?" अक्कानं विचारलं. अक्का म्हणजे दोन्ही भावांची मोठी बहीण. लग्न केलं नाही, कुणाचं ऐकलं नाही, आणि उजव्या कोपरापासून मनगटापर्यंत तिच्या हातावर भाजल्याचा जुना, चकचकीत डाग आहे.

"सॉना," धाकटी म्हणाली. "आत दगड तापवतात. बसायचं आणि घाम काढायचा."

"पैसे देऊन?"

"हो, अक्का."

"आणि आजवर या घरानं फुकट गाळला तो?"

"तो कामाचा. हा आरामाचा."

"घामाला काय कळतंय!" अक्का म्हणाली आणि टबाचं झाकण उचलून आत बघितलं. "आणि यात? अंडी उकडायची?"

"यातही आपणच बसायचं. फक्त आपण. शेजार नाही, पाजार नाही, कुणी बघणारं नाही."

"मग ठीक. उकडून घेऊ."

*

थोरलीला सकाळी उशिरापर्यंत झोपता आलं नाही. देहाला सवय असते. त्याला सील लावता येत नाही. सगळं घर घोरत असताना ती स्वयंपाकघरात आली. बरोबर पीठ आणलं होतं. सुट्टीला जाताना कोण पीठ नेतं? ही माणसं नेतात.

भिंतीत एक विजेची भट्टी बसवलेली होती. घरगुती, बुटकी. तिला काचेचं दार होतं आणि आत दिवा होता.

थोरलीनं पीठ मळलं, फुगू दिलं, एक गोळा आत सरकवला आणि दार लावलं. मग ती निघून जाणार होती. मळणाऱ्यानं मळायचं आणि निघून जायचं, हीच सवय. दुकानात मळायची खोली मागं. मधे भिंत. भिंतीत एक खिडकी, हातभर रुंद, त्यातून ट्रे पुढं सरकवायचे. पलीकडं भट्टी, भट्टीपुढं दादा. थोरली लग्न होऊन आली तेव्हा सासऱ्यांनी एकच नियम सांगितला होता: भट्टीच्या तोंडाशी बाई नको. तिनं मान हलवली आणि भिंतीच्या या बाजूला आयुष्य काढलं. पाव तिच्याकडं परत यायचा तो निवलेला, टोपलीतला, घरच्यासाठी बाजूला काढलेला. फुगताना तो कसा दिसतो ते तिला माहीत नव्हतं.

आज काच होती. ती स्टूल ओढून बसली.

आधी काहीच घडलं नाही. मग गोळ्याच्या अंगावर ताण आला, झोपेत कूस बदलणाऱ्या मुलासारखा तो थोडा हलला, आणि वर चढायला लागला. मधोमध चीर पडली. चिरेच्या आतलं पांढरं उघडं पडलं, मग पिवळं झालं, मग कडा तांबूस. थोरली तोंडावर हात ठेवून बघत राहिली.

"ताई?" मागून धाकटी आली. "रडताय?"

"नाही गं. बघतेय." थोरली काचेवरची नजर न काढता म्हणाली. "असा उठतो होय हा? इतका सावकाश? मला वाटायचं, फटकन फुगत असेल."

धाकटी तिच्याशेजारी जमिनीवरच बसली. दोघी जावा काचेपुढं, सिनेमाला बसावं तशा.

"सोमवारी औषधवाला येणार," थोरली म्हणाली. "दुकान त्याला द्यायचं, म्हणतायत हे. जागा रिकामी करून त्याच्या फळ्या लावायच्या."

"आणि तुम्ही?"

"मी म्हटलं, सरकारनं लाकडाला नाही म्हटलंय, पावाला नाही. विजेची मोठी भट्टी बसवू. मी उभी राहते."

"दादा काय म्हणाले?"

"हसले. म्हणाले, 'तुला भट्टीचा ताव सोसेल?' झालं. विषय संपला." थोरलीनं पदराच्या टोकानं काच पुसली, जरी वाफ आतल्या बाजूनं होती. "आमच्या घरात बाईला मूल होताना जेवढा ताव सोसावा लागतो तेवढा चालतो. पावाचा नको."

धाकटी खुदकन हसली. मग हसू थांबवून म्हणाली, "पुन्हा विचारा."

"कुणापुढं? अक्का त्यांच्या बाजूनं. तुझा नवरा त्यांच्या बाजूनं."

"माझ्या नवऱ्याला बाजू नसते, ताई. तो पाण्यासारखा. उतार दिसला की वाहतो."

*

धाकट्याला ते लांबून ऐकू आलं होतं, आणि बोचलं होतं, कारण ते खरं होतं.

तो दुकानात पुढं बसायचा. गिऱ्हाईक, सुटे पैसे, टोपल्या, गप्पा. आगीशी त्याचं कधी जमलं नाही. औषधवाल्यानं त्याला सांगितलं होतं, दुकान माझं झालं तरी गल्ल्यावर तूच बस, गिऱ्हाईक तुला ओळखतं. आणि दादानं विचारलं होतं, "सोमवारी माझ्या शब्दापुढं जाणार नाहीस ना?" धाकटा म्हणाला होता, "तू म्हणशील ते." लहानपणापासून हेच म्हणत आला होता. त्यात त्याला सुख होतं. दादानं त्याला कधी मारलं नाही, कधी उपाशी झोपू दिलं नाही, आणि पावाचा पहिला तुकडा नेहमी त्याच्या हातावर ठेवला. अशा माणसाला नाही म्हणायला जीभ कुठून आणायची?

न्याहारीला थोरलीचा पाव टेबलावर आला. दादानं तो उचलला, उलटा केला, बुडाला बोटाच्या पेरानं टकटक केली आणि कान लावला.

"आतून सुटा झालाय," दादा म्हणाला. "बरा आहे."

"बरा?" अक्का म्हणाली. "अरे दाद्या, तू स्वतःच्या पावाला कधी चांगला म्हणाला नाहीस. बरा म्हणजे तुझी पदवीच झाली ती."

"काचेपुढं बसून कुणालाही जमेल," दादा म्हणाला. "मोठ्या भट्टीपुढं काच नसते. तोंडावर ताव येतो." आणि त्यानं पहिला तुकडा मोडून, सवयीनं, धाकट्याच्या हातावर ठेवला. धाकट्यानं तो खाल्ला. चांगला होता. बरा नव्हे, चांगला. बोलला नाही.

"चला तर मग," धाकटी उठत म्हणाली. "तावाचीच गोष्ट निघालीय तर सॉना लावते. बघू कुणाला सोसतो."

*

दुपार ढगाळ होती आणि ओट्यावर बोटं आखडत होती. सॉनाचं दार उघडल्याबरोबर आतून लाकडाचा आणि दगडांचा कोरडा वास आला. त्या वासानं दादाचा चेहरा असा उजळला की थोरलीला त्याच्यावरचा राग क्षणभर विसरायला झालं. सील लागल्यापासून हा माणूस घरात लोकरीची टोपी घालून बसत होता. त्याला सारखी थंडी वाजत होती. आता तो दारात उभा राहिला, उजवा हात आत घातला आणि भट्टीपुढं मोजायचा तसं ओठांतल्या ओठांत मोजू लागला. हात किती वेळ ठेवता येतो त्यावर ताव ओळखायचा, ही त्याची रीत.

"हॅ," तो म्हणाला. "ही भट्टी नव्हे. ही उतरती भट्टी. पाव निघाल्यावर मागं राहते ती. ही टोस्टाची."

आणि तो घरात गेला तो थेट स्वयंपाकघरात. परतला तेव्हा हातात सकाळच्या पावाचे काप होते. सगळ्यात वरच्या बाकाच्या कोपऱ्यात त्यानं ते ओळीनं मांडले.

"दादा!" धाकटी ओरडली. "अहो, बसायची जागा आहे ती!"

"मी कुठं नाही म्हणतोय? आपण इकडं बसू, ते तिकडं बसतील. ताव वाया घालवायचा नाही."

"घरमालकीण काय म्हणेल?"

"तिलाही दोन देऊ."

अक्का हसून हसून दाराला टेकली. पाचही जण आत शिरले: धाकटी पोहायच्या कपड्यांवर टॉवेल गुंडाळून, दोन्ही भाऊ हाफ पँटवर, अक्का आणि थोरली जुन्या सुती गाऊनमध्ये. तीन पायऱ्यांसारखे तीन बाक. जितकं वर तितका ताव जास्त. अक्का खाली बसली, धाकटा-धाकटी मधे. दादा सगळ्यात वर गेला. थोरली त्याच्या मागोमाग चढली आणि टोस्ट आणि नवरा यांच्या मधल्या जागेत बसली.

"तू खाली बस," दादा म्हणाला.

"का?"

"सोसणार नाही."

"बघू की."

थोड्या वेळानं अक्का उठली. "मी झाले गं. बुडाला टकटक करून बघा," असं म्हणून बाहेर गेली आणि टबात उतरताना तिनं "अगं आई गं!" म्हणून अशी आनंदाची आरोळी ठोकली की डोंगरानं ती परत पाठवली. मग धाकटा गेला. त्याचं नाक टोमॅटो झालं होतं. धाकटी मात्र दाराशी थांबली. नर्सचे डोळे सुट्टीवर जात नाहीत.

"पहिल्याच वेळी इतकं पुरे," ती म्हणाली. "दादा, ताई, चला."

"हिला ने," दादा म्हणाला.

"यांना ने," थोरली म्हणाली. धाकटी दार लोटून पाणी आणायला गेली.

"अगं, मी जन्म काढलाय आगीपुढं."

"मग मी काय बर्फ विकत होते? भिंत तुमची नि माझी एकच होती. तुमच्या बाजूनं तापायची ती माझ्या बाजूनं गार राहायची का?"

उत्तर सुचलं नाही की या घरातले पुरुष काहीतरी करतात. दगडांशेजारी पाण्याची लाकडी बादली आणि पळी होती. त्यानं पळीला हात लावला नाही, बादलीच उचलली. पाव आत सरकवण्याआधी भट्टीत पाणी मारतात, त्यानं पावाची कड चकाकते, हे त्याच्या हातांना इतकं पाठ होतं की हातांनी त्याला विचारलंच नाही. आख्खी बादली दगडांवर गेली. फरक एवढाच की भट्टीत पाणी मारणारा माणूस झाकण लावून बाहेर राहतो. आज तो झाकणाच्या आत होता.

वाफ उठली ती छताला जाऊन उलटी फिरली आणि दोघांच्या खांद्यांवर बसली.

दादाला आधी फक्त नवल वाटलं. भट्टीचा ताव त्याला नखशिखांत ठाऊक होता: कपाळावर कुठं लागतो, छातीवर कुठं, भुवया कधी चुरचुरतात. पण हा ताव पाठीवरही होता. भट्टीपुढं पाठ गार असते. मागं दार उघडं असतं, गल्लीतला वारा येतो, घामाची धार मणक्यावरून गार होत उतरते. त्या गार पाठीच्या जिवावर माणूस पुढची आग सोसतो. हे त्याच्या आजवर कधी लक्षात आलं नव्हतं. आपण सोसतो ते छातीच्या जोरावर, असंच तो समजत होता. तो मागं टेकायला गेला, मागंही आगच होती. थोरलीचा चेहरा लांब गेला. मग खोलीचा दिवा कुणीतरी हळूहळू बारीक केला.

*

थोरलीनं तो कलताना बघितलं आणि हाक मारण्यात वेळ घालवला नाही. तिचे दंड रोज परातभर नव्हे, हौदभर कणीक उलटवणारे. एक हात त्याच्या काखेखालून, एक गुडघ्यांखालून, आणि पायऱ्या उतरून, खांद्यानं दार ढकलून, ती त्याला ओट्यावर घेऊन आली. धाकट्यानं टबातून बघितलं. वहिनीनं दादाला उचललं होतं. दादाला. उचललं होतं.

"खाली आडवं करा. पाय वर!" धाकटी धावत आली. ओले टॉवेल, मानेला, काखेत. नाडीवर बोटं. "दादा, माझ्याकडं बघा. ऐकू येतंय? थोडं थोडं पाणी. घोट घोट."

दादानं डोळे उघडले. वर ढग होते, ढगांच्या अलीकडं बायकोचा चेहरा होता.

"टोस्ट," तो पुटपुटला.

"काय?"

"बघा जरा. करपतील."

थोरली मटकन खाली बसली आणि त्याच्या छातीवर कपाळ टेकवून हसू लागली. खांदे हलत होते. हसण्याचे किती आणि दुसऱ्या कशाचे किती, ते तिचं तिला ठाऊक. दादाचा हात उठला आणि तिच्या ओल्या केसांवर येऊन पडला. तिथंच राहिला.

*

धाकटीनं त्याला पुरतं तपासलं. बोलायला लावलं, उभं केलं, बसवलं, पाणी पाजलं, आणि हुकूम काढला: आज सॉना नाही, टब नाही, खाली उतरल्यावर डॉक्टर. म्हणून संध्याकाळचा उजेड डोंगरावर टेकला तेव्हा दादा दोन पांघरुणं घेऊन ओट्यावरच्या खुर्चीत बसला होता आणि बाकीचे चौघं गळ्यापर्यंत गरम पाण्यात होते. बुडबुडे खदखदत होते. टबाच्या काठावर टोस्टांची थाळी होती. करपले नव्हते. उलट इतके एकसारखे वाळले होते की अक्कानं चार खाल्ले.

"घरमालकिणीला शिल्लक ठेवा," धाकटी म्हणाली.

"तिला दगड आहेत की," अक्का म्हणाली.

धाकटा मात्र हसत नव्हता. दादाचा तो पडलेला चेहरा त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता, आणि उताराकडं वाहायची त्याची सवय पहिल्यांदाच कुठंतरी अडली होती.

"वहिनी," तो म्हणाला, "हे पहिल्यांदा नाही."

"गप रे," दादा खुर्चीतून म्हणाला.

"नाही गप बसणार. भट्टीपुढं पण यायची याला चक्कर. खाली बसायचा, पाव काढायची फळी मी हातात घ्यायचो. मला शपथ घातली होती, घरात बोलायचं नाही म्हणून."

धाकटीनं नवऱ्याकडं वळून बघितलं. ती नजर रात्री त्याला पुन्हा भेटणार होती. थोरलीनं मात्र मान हलवली.

"माहीत आहे मला."

"कसं?" दोघं भाऊ एकदमच म्हणाले.

"ऐकू येतं ना. भिंतीच्या पलीकडं मी काय कान झाकून बसते? हे पाव काढतात तेव्हा लांब दांड्याची फळी विटांवरून नुसती सरकते. भावजी, तुम्ही काढता तेव्हा दोनदा आपटते. हल्ली आपटायची फार."

"मग बोलली का नाहीस?" दादानं विचारलं.

"बोलायला आले होते. त्या खिडकीशी. तुम्ही म्हणालात, 'ट्रे दे, मधे बोलू नको.' दिला ट्रे."

दादा पांघरुणात आणखी आत गेला. मग अगदी हळू म्हणाला, "त्यासाठीच नको म्हणतोय. ज्या तावानं मला आडवं केलं, त्याच्यापुढं तुला उभी करू? बाबांनी उगाच नियम केला होता का? हिचा हात बघ." त्यानं अक्काकडं बोट केलं. "लहान होती. एकदा भट्टीपाशी गेली नि जन्माची खूण घेऊन आली."

अक्कानं हातातला टोस्ट थाळीत ठेवला. भाजलेला हात पाण्यातून वर काढला, आणि सगळ्यांना दिसेल असा काठावर ठेवला. पाणी त्या चकचकीत कातडीवरून निथळत होतं.

"हात कुणाचा भाजला, दाद्या?"

"तुझा."

"माझा. आणि नियम तुम्ही केलात. मला विचारलं कुणी? जखमेवर मलम लावलं, लाड केले, सगळं केलं. पण विचारलं नाही. मी दुसऱ्याच दिवशी परत जायला तयार होते. चूक कळली होती मला, झाकण कुठून धरायचं ते कळलं होतं. दारात उभी राहिले तर बाबांनी खांदे धरून उलटी फिरवली. पुढच्या वर्षी तुझा पाय भाजला. तुला फिरवलं का कुणी उलटं? तुला म्हणाले, 'आता शिकलास.'"

अक्कानं आजवर या हातावर एक शब्द काढला नव्हता; सगळ्यांना वाटायचं, ती दादाच्या बाजूनं आहे. गप्प बसलेल्या बाईला लोक नेहमी आपल्याच बाजूची धरतात.

"मी तुझ्या बाजूनं आहे," जणू ते ऐकल्यासारखं अक्का म्हणाली. "म्हणूनच सांगते. दुकान औषधवाल्याला देऊन तू त्या टोपीत बसून राहशील. त्याच्याकडची गोळी नाही लागू पडायची तुला."

"पण हिला काही झालं तर?" दादाचा आवाज चिरकला. "तिनं मला उचललं. ती पडली तर मला उचलता येईल का? बघा माझ्याकडं."

आता कुठं खरं बाहेर आलं होतं. थोरली पाण्यातून सरकत टबाच्या त्या काठाशी आली जिथं त्याची खुर्ची होती. ओल्या हातानं तिनं पांघरुणातून त्याचा हात शोधून काढला.

"अहो, तुम्हाला तावानं नाही पाडलं. हट्टानं पाडलं. पहिल्या चकरेला बोलला असतात तर मी इकडं आले असते. आज तुम्ही, उद्या मी. दमले तर सांगेन. मला सांगायची लाज वाटत नाही, मी कुणाचा मुलगा नाही." धाकटी फिसकन हसली, थोरली हसली नाही. "मळला मी, भाजला तुम्ही. ऐकून ऐकून पाव ओळखला मी. मला आता तो उठताना बघायचाय. रोज. एवढंच मागतेय. औषधवाल्याला सोमवारी काय सांगणार?"

"घरी गेल्यावर बघू."

"घरी नाही. घरी भिंत आहे. इथं नाही."

दादानं सवयीनं भावाकडं बघितलं. धाकटा त्या नजरेखाली थोडा खाली बुडाला, हनुवटीपर्यंत, ओठांपर्यंत. मग पुन्हा वर आला.

"मला फळी जमत नाही, दादा," तो म्हणाला. "कधीच जमली नाही. वहिनींना विचारतोस तसं मला कधी विचारलं नाहीस, ताव सोसेल का म्हणून."

दादानं तोंड उघडलं. काहीतरी म्हणाला, पण टब खदखदत होता आणि शब्द बुडबुड्यांत गेले.

"थांब, थांब," अक्का म्हणाली. "धाकटे, ते बटण कुठंय? बंद कर आधी. हे नीट ऐकू आलं पाहिजे."

धाकटीनं बटण दाबलं. पाणी शांत झालं. वाफ मात्र निघत राहिली, चौघांच्या डोक्यांवरून खुर्चीतल्या माणसाकडं. थोरलीनं त्याचा हात सोडला नाही.

"आता सांगा," ती म्हणाली. "मोठ्यानं. नव्या भट्टीपुढं कोण उभं राहणार?"